चार्जिंग पोर्टचं लॉक बिघडलंय: नुसतं लॉक बदलावं की अख्खा पोर्ट?

किनाऱ्यालगत राहणारी इलेक्ट्रिक गाडी काही पावसाळे काढते आणि मग एक दिवस चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) लावूनही चार्जिंग सुरू होत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे चार्जिंग संपतं, पण गन सुटत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं की पूर्ण पोर्ट बदलायचं कोटेशन हातात येतं. ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, नुसती लॉकची मोटर टाकून देतो. शेजारी सांगतात, साफ करून ग्रीस मारा, होईल. तिघांचंही कधी ना कधी बरोबर असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: पोर्टच्या आतल्या पिना स्वच्छ असतील तर नुसतं लॉक बदला, पिना खराब असतील तर पूर्ण पोर्ट घ्या, आणि लॉकला बगल देणारा जुगाड कुणी फुकट करून देत असेल तरी घेऊ नका.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

आपल्याकडच्या आजच्या बहुतेक चारचाकी इलेक्ट्रिक गाड्यांना सीसीएस-२ पोर्ट असतो. वरच्या गोल भागात टाइप-२ च्या, म्हणजे घरच्या एसी चार्जिंगच्या, सात पिनांच्या जागा आणि त्याखाली डीसीच्या, म्हणजे फास्ट चार्जिंगच्या, दोन जाड पिना. या प्रकारात गन अडकवणारी खिटी गाडीच्या बाजूला असते. १२ व्होल्टची छोटीशी मोटर, प्लास्टिकची दातेरी चाकं, पुढेमागे सरकणारी खिटी, आणि ती जागेवर पोचली हे गाडीला कळवणारा इवलासा मायक्रोस्विच, एवढाच सगळा संसार. (भारत डीसी-००१ या जुन्या चार्जिंग पद्धतीच्या गाड्यांत डीसीचं लॉक गनमध्येच असतं, त्यांना इथलं गणित लागू होत नाही.)

गाडी शांत जागी लावा, गन बसवा आणि कान द्या. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला, खिटी सरकली, तरी चार्जिंग सुरू होत नसेल तर संशय मायक्रोस्विचवर घ्यायचा. खिटी बसलेली असते, पण तसा निरोप गाडीपर्यंत पोचत नाही. करकर आवाज येऊन मध्येच थांबत असेल तर दात्यांत रेती आहे किंवा दाते झिजलेत. आवाजच नसेल तर आधी फ्यूज आणि १२ व्होल्टची बॅटरी तपासा. ही शेवटची गोष्ट फार जण विसरतात. गाडी गावच्या घरी महिनाभर उभी राहिली की छोटी बॅटरी उतरते, लॉकची मोटर अर्धवट ढकलते, आणि दोष मात्र पोर्टवर येतो.

अजून एक तपासणी पैसे खर्च करण्याआधी कराच. डीसीची गन आणि तिची केबल जड असते. ती खाली ओढली गेली की गनवरची खाच आणि खिटी एका रेषेत येत नाहीत. सुरुवातीला गन हाताने थोडी वर उचलून आत दाबून धरा. एवढ्याने लॉक बसत असेल आणि दुसऱ्या चार्जरवर काहीच अडचण येत नसेल, तर खराबी त्या गनमध्ये आहे.

बाहेरच्या झाकणाची लॅच हा वेगळा आणि तुलनेने किरकोळ विषय. दाबून उघडणारं झाकण बंद राहत नसेल तर ते काम गावातला बॉडीवाला मेकॅनिकही करेल, त्यासाठी कुणाचं मोठं कोटेशन मान्य करू नका. फक्त लांबणीवर टाकू नका. झाकण पावसात उघडं राहिलं की आतल्या लॉकचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

किनाऱ्यावर हे लवकर का होतं

ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनच्या टेबलावर मी अशी काढलेली मोटर पाहिली आहे. गाडी समुद्रापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर उभी असायची. बाहेरून मोटर धडधाकट दिसत होती. कनेक्टर सोडला तर आत पांढरट-हिरवी पूड, आणि रबरी सीलच्या कडेला बारीक रेतीचा थर. त्याने सील बोटाने फिरवून दाखवलं, एका जागी ते चपटं होऊन कडक झालं होतं. खारी हवा तिथूनच आत जात होती. पोर्टच्या तळाला पाणी निघून जायला भोक असतं, ते जांभ्याच्या लाल मातीने आणि सुरूच्या काड्यांनी पूर्ण बुजलं होतं. म्हणजे पावसाचं पाणी पोर्टमध्ये साचायचं, आणि ते सुकल्यावर मीठ मागे राहायचं.

हे सांगायचं कारण असं की मोटर बदलली आणि ते भोक बुजलेलंच राहिलं, तर नव्या मोटरीचंही तेच होणार. कुठलाही पर्याय घ्या, भोक मोकळं करून घ्या. त्यासाठी नायलॉनची काडी वापरा, लोखंडी तार घालू नका.

नुसतं लॉक बदलणं

कित्येक गाड्यांत लॉकची मोटर पोर्टच्या मागच्या बाजूला दोन-तीन स्क्रूंवर बसलेली असते आणि सुटी मिळू शकते. कुठे ती डिकीच्या आतल्या अस्तरामागून हाताला लागते, कुठे चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक काढावं लागतं, आणि पोर्ट पुढे लोगोमागे असेल तर बंपर सोडवावा लागतो. मजुरीत फरक पडतो तो मुख्यतः इथे. भागाची किंमत पूर्ण पोर्टच्या मानाने अगदीच कमी. सामान हातात असेल तर काम अर्ध्या दिवसात उरकतं, गाडी अडकून पडत नाही.

आपल्या कोकणात या पर्यायाचं पारडं जड आहे. दापोली-गुहागरच्या माणसाला मोठ्या कामासाठी चिपळूण नाहीतर रत्नागिरी गाठावी लागते, तिथेही जमलं नाही तर आंबा घाट चढून कोल्हापूर. डीसी चार्जिंग बंद असलेली गाडी घाटातून नेणं म्हणजे वाटेत चार्जिंगचा आधार नाही हे धरूनच निघणं.

पण काम करणाऱ्याबद्दल तडजोड नको. लॉकची मोटर १२ व्होल्टवर चालते हे खरं, तरी तिच्या शेजारून जाणाऱ्या नारिंगी केबलींचं नातं ३००-४०० व्होल्टच्या बॅटरीशी आहे. गाडी बंद करून १२ व्होल्टची बॅटरी सोडवणं, हाय व्होल्टेजचा सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा) काढणं, कंपनीने सांगितलेला वेळ थांबणं आणि मग मीटर लावून व्होल्टेज शून्य आहे हे पाहणं, या क्रमाने जो काम करत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका. १००० व्होल्टचे इन्सुलेटेड हातमोजे आहेत का, हे सरळ विचारा. घरगुती वायरिंगचा वायरमन कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नाही, आणि तुम्ही घरी करायचंही नाही.

मोटरीबरोबर नवं सील मागा. जुनंच सील पुन्हा बसवलं तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही तिथेच परत जाल. काही गाड्यांत जुना फॉल्ट कोड (गाडीने केलेली बिघाडाची नोंद) स्कॅनरने पुसल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडे त्या गाडीला चालणारा स्कॅनर आहे का तेही विचारून ठेवा.

पूर्ण पोर्ट बदलणं

हे काम महाग आहे आणि सामान मागवण्यात दिवस जातात. पोर्टबरोबर बहुधा नारिंगी केबलही येते, म्हणून भागाची किंमत आणि मजुरी दोन्ही वाढतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय हे कुणाकडून करून घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. तरीही काही वेळा हाच पर्याय योग्य असतो, आणि तो ओळखता येतो.

गाडी बंद ठेवा, हात किंवा कुठलंही अवजार आत घालू नका, फक्त टॉर्चच्या उजेडात बघा. पिनांवर हिरवा थर आहे? डीसीच्या पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय, फुगलंय, वितळल्यासारखं दिसतंय? फास्ट चार्जिंग सुरू होऊन थोड्या वेळाने वेग आपोआप घटतो किंवा तापमानाचा इशारा येतो? पोर्टच्या आत तापमान मोजणारे सेन्सर असतात, आणि गंजलेल्या पिनेत विजेला होणारा विरोध वाढला की ती तापते. अशा पोर्टवर नवं लॉक बसवणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं. घराची भिंत खचली असताना दाराची कडी बदलून काय उपयोग?

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर चर्चाच नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तसं पाणी पोर्टच्या वर गेलं असेल तर पूर्ण पोर्ट, केबल आणि इन्सुलेशनची तपासणी एकत्रच करून घ्या. तिथे विम्याचा दावाही बसू शकतो. खाऱ्या हवेने हळूहळू झालेल्या गंजावर विमा सहसा हात वर करतो.

वॉरंटीचं थोडक्यात सांगतो. बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी ऐकून निर्धास्त राहू नका, पोर्टचं लॉक बहुधा गाडीच्या साध्या, कमी मुदतीच्या वॉरंटीत मोडतं. ती मुदत चालू असेल तर बाहेरच्या कुणालाही पोर्टला हात लावू देऊ नका आणि कंपनी जे बदलून देईल ते घ्या, मग तो पूर्ण पोर्ट असला तरी.

साफसफाई आणि ग्रीस

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत दरवर्षी करावं असं हे काम आहे. बिघडलेल्या लॉकवरचा इलाज म्हणून मात्र ते तात्पुरतंच. आपल्याकडे कुलूप अडलं की खोबरेल सोडायची सवय आहे, ती इथे नको. तेलाला रेती चिकटते, आणि साधारण २४ अंशांखाली खोबरेल थिजतं, म्हणजे थंडीतल्या पहाटे खिटी आणखी जड होते. सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे, पिनांना काहीही लावायचं नाही.

ज्याला मी पर्याय मानत नाही

‘मायक्रोस्विचच्या वायरी जोडून टाकतो, गाडीला लॉक लागलंय असंच वाटेल’ असं कुणी सुचवलं तर तिथून गाडी काढा. घरच्या एसी चार्जिंगमध्ये गन ओढली गेली तर आखूड पायलट पिन (गाडी आणि चार्जरमधला निरोप नेणारी) आधी सुटते आणि प्रवाह तुटतो. डीसीमध्ये शेकडो व्होल्टचा प्रवाह चालू असताना गन निसटली तर ठिणगीची कमान उठते आणि डीसीची कमान सहज विझत नाही. हात, चेहरा, गाडी, सगळं धोक्यात. लॉक लागल्याची खात्री झाल्याशिवाय डीसी चार्जिंग सुरू न होणं यासाठीच आहे.

कुणी काय करावं

गावातच फिरणारी, रात्री पडवीत चार्ज होणारी गाडी असेल आणि पिना स्वच्छ असतील तर नुसतं लॉक बदला, तेही मे महिन्याच्या मध्यापर्यंत. जूनच्या दमट हवेत उघडलेलं सील आत ओलावा घेऊनच बंद होतं. पर्यटकांसाठी धावणारी गाडी रोज डीसीवर तापते, म्हणून तिच्या पिनांवर थोडाही डाग असेल तर मी पूर्ण पोर्टकडे झुकेन. मुंबईहून गणपतीला येणाऱ्यांनी निर्णय श्रावणाआधी घ्यावा. त्या दिवसांत महामार्गावरच्या चार्जरना रांगा असतात आणि तिथे गन अडकून बसली तर मागे थांबलेल्या सगळ्यांचाच खोळंबा होतो.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना एसी आणि डीसी दोन्ही चार्जिंग लावून बघा. गन लॉक असताना हलकेच ओढून बघा, सुटता कामा नये. बहुतेक गाड्यांत अडकलेली गन सोडवायला हाताने ओढायची दोरी असते, पोर्टच्या मागे, डिकीत किंवा बॉनेटखाली. काम करताना ती सुटून आत पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती कुठे आहे हे मेकॅनिकला दाखवायला सांगा, आणि चार्जिंग बंद करून एकदा तुमच्या हाताने ओढून बघा.