वाटायचे पेनड्राइव्ह: सीडीवाला घ्यायचा का कीबोर्डवाला?

सांगलीत मार्केट यार्डातल्या हळदवाल्यांपासून ठिबकवाल्यांपर्यंत ज्याला त्याला प्रदर्शनात नाव छापलेले पेनड्राइव्ह वाटायचेत, आणि अट एकच, लावला की कॅटलॉग आपोआप उघडला पाहिजे. साध्या ड्राइव्हवर ऑटोरनची फाइल (लावल्याबरोबर काय चालवायचं ते विंडोजला सांगणारी) टाकून ते होत नाही बरं का, कॉन्फिकर नावाचा घातक प्रोग्राम त्याही वाटेनं पसरला होता, मग विंडोज 7 मध्ये ते बंदच आलं आणि 2011 ला एक्सपी-व्हिस्टालाही अपडेट दिलं.

राहिले दोन प्रकार. एकात ड्राइव्हचा काही भाग सीडी असल्याचं सोंग घेतो. विंडोज विचारतं, चालवू का? म्हणजे एक क्लिक लागतोच, पण माणूस हो म्हणतो तेव्हाच उघडतं, शिवाय तो भाग साध्या डिलीटनं पुसला जात नाही. फक्त दर बदलले की परत सप्लायरकडं पळा.

दुसरा वेबकी. हा कीबोर्ड म्हणून लागतो, विंडोजची रनची खिडकी (जिथं पत्ता किंवा कमांड टाकली की लगेच चालते) उघडून वेबसाइटचा पत्ता स्वतःच टाइप करतो आणि एंटर मारतो. बघायला लई भारी! पण नेट नसलं की संपलं, आणि खरी गोची म्हणजे 2014 ला बॅडयूएसबी म्हणून जो हल्ला दाखवला तो ह्याच चालीचा, पत्त्याऐवजी कमांड टाइप केली की झालं, आणि समोरच्याला फरक काय कळणार? बँकेत असला ड्राइव्ह कोण लावून घेईल.

मी सीडीवालाच घेईन, आत सॉफ्टवेअर नको, नुसती पीडीएफ, आणि उरलेल्या भागात तीच 'दरपत्रक' नावानं परत टाकायची, आपोआप नाही उघडली तर लोक हातानं उघडतील.