रेंज चांगली, शेजार बेताचा

पश्चिम नागपुरातल्या एका तळघरातली ही १० मीटरची एअर रेंज, म्हणजे हवेच्या रायफल-पिस्तुलानं नेमबाजीचा सराव करायची जागा. आठ लेन, कागदी टार्गेट, टार्गेट पुढं-मागं नेणाऱ्या, मोटरवर चालणाऱ्या ट्रॉल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार यंत्रांबद्दल नाही, लोकांच्या सवयींबद्दल आहे. सवयी महिन्याभरात सुधारतात, पण नाव एकदा लिहिलं की ते चिकटून राहतं.

आधी चांगलं ते. टार्गेटवर उजेड भरपूर आणि एकसारखा आहे. आंतरराष्ट्रीय नियम टार्गेटवर किमान १५०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मागतात. इथं मोजमाप लावलेलं नाही, पण काळ्या वर्तुळाची कड स्वच्छ दिसते आणि कागदावर सावली पडत नाही. ट्रॉली अडकली तर स्वतः पुढं जायला मनाई आहे. रेंज ऑफिसर 'स्टॉप' म्हणतो, आठही लेनमधल्या बंदुका उघडून खाली ठेवल्या जातात, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) आत जातात आणि मगच तो शॉट मारायची रेषा ओलांडतो. ही एक गोष्ट पाळली जाते म्हणून रेंजला पास करायला हरकत नाही.

पण रेंजवरचा तास चांगला जाणार की वाया, हे अर्धंअधिक शेजारच्या लेनवर कोण उभं आहे त्यावर ठरतं. आणि कोणाशेजारी कोण, याचा विचार इथं कोणी करत नाही. जी लेन रिकामी दिसेल ती देतात.

उजव्या हाताचा रायफलवाला डावी बाजू टार्गेटकडे करून उभा राहतो, म्हणजे त्याचं अंग उजवीकडच्या लेनकडे वळलेलं असतं. उजव्या हाताचा पिस्तूलवाला नेमका उलटा, उजवी बाजू पुढे आणि अंग डावीकडे. आता लेन ३ वर रायफल आणि लेन ४ वर पिस्तूल दिलं की दोघं तासभर एकमेकांच्या तोंडासमोर. एकाचा हात उचलला की दुसऱ्याच्या नजरेच्या कडेला हालचाल. हेच उलटं दिलं, पिस्तूल ३ वर आणि रायफल ४ वर, की पाठीला पाठ. म्हणून पिस्तुलं डावीकडच्या लेनवर आणि रायफली उजवीकडे असा साधा नियम हवा. डावखुऱ्या रायफलवाल्याला लेन १ द्यावी. तिथं त्याच्यासमोर भिंत येते आणि लेन २ च्या उजव्या हाताच्या रायफलवाल्याकडे पाठ होते. बुकिंगच्या वहीत 'रायफल/पिस्तूल' आणि 'उजवा/डावा' असे दोन रकाने वाढवले की झालं. तोवर फोनवर लेन ठरवतानाच हे स्वतः सांगावं.

दुसरी अडचण टेबलाची. आठही लेनना मिळून एकच लांब लाकडी फळी आहे. लेन ५ वर कोणी पिस्तूल आपटून ठेवलं की हादरा लेन ६ पर्यंत जातो. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन या फळीवर घरघरतो, आणि रायफलचा स्टँड तिच्यावरच असेल तर तोही थरथरतो. फोन सायलेंट करून बॅगेत, बॅग मागच्या बाकावर. छर्ऱ्यांचा पत्र्याचा डबा, जो साधारण ५०० चा येतो, जाड फडक्यावर ठेवावा आणि झाकण एकदाच उघडावं. दर शॉटला झाकण लावणारे लोक आहेत. त्यांना कोणी काही म्हणत नाही, कारण आवाज बारीक असतो. पण ६० शॉटच्या सरावात तो ६० वेळा येतो.

इथं कोणी तरी हमखास म्हणतं की हल्ली मोठ्या स्पर्धांच्या फायनलमध्ये संगीत वाजतं, प्रेक्षक ओरडतात, मग सरावाला एवढं सोवळं कशाला? सलग चालणाऱ्या आवाजाला कान सरावतो. त्रास होतो तो अचानक येणाऱ्या आवाजाचा. कूलर दिवसभर घोंघावतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. ट्रिगरचा पहिला टप्पा दाबून धरलेला असताना बाजूला जॅकेटचा वेल्क्रो फर्रकन उघडला तर मात्र शॉट गेलाच. म्हणून जॅकेट काढणं, केसची चेन ओढणं, बंदुकीचा हवेचा सिलिंडर सोडवणं ही कामं शेजारी बंदूक खाली ठेवेल तेव्हा करावी. एका शॉटला फार तर दहा-बारा सेकंद लागतात. तेवढं थांबता येतं.

सिलिंडर भरण्याची जागा इथं चुकलेली आहे. भरायची टाकी लेन ८ च्या मागं चार हातांवर आहे. एअर गनचे सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरले जातात आणि भरून झाल्यावर नळीतली हवा सोडली की फट्ट असा आवाज होतो. लेन ७ आणि ८ वाले दचकतात. टाकी जिन्याखाली हलवली तर प्रश्न मिटेल. तोवर सोडण्याआधी 'हवा सोडतोय' असं एकदा सांगायला काय जातं? आणि भरण्याआधी सिलिंडरवरची तारीख बघावी. बहुतेक मॅच गनच्या, म्हणजे स्पर्धेच्या बंदुकांच्या, सिलिंडरना बनवल्यापासून १० वर्षांची मुदत असते. मुदत संपलेला सिलिंडर भरणारा स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो.

आता फुकटच्या सल्ल्याकडे. 'भाऊ, तुमचे शॉट डावीकडं जाऊन राहिले' हे वाक्य या तळघरात रोज ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण शेजाऱ्याची ट्रॉली आली की वाकून त्याचा कागद वाचणं हे त्याच्या ताटात डोकावण्यासारखं आहे. विचारलं तर सांगा. 'वा, दहा!' हेसुद्धा नको, कारण पुढचा शॉट तो त्या आकड्याच्या ओझ्याखाली मारतो. पोरांच्या संध्याकाळच्या बॅचला आईबाबा रेषेच्या अगदी मागं उभे राहून व्हिडिओ काढतात. त्यांच्यासाठी दोन मीटर मागं पिवळी पट्टी आखायला हवी आणि फ्लॅशला सरळ बंदी.

चुकून शेजाऱ्याच्या टार्गेटवर शॉट गेला तर? असं होतं, विशेषतः लेन नंबरचे आकडे इथल्यासारखे फिकट झाले असतील तेव्हा. बंदूक खाली, हात वर, आणि शेजारी व रेंज ऑफिसर दोघांना लगेच सांगायचं. मॅचमध्ये तो मारणाऱ्याचा शॉट शून्य धरला जातो. सरावात शून्य-बिन्य काही नाही, पण न सांगता गप्प बसलं की शेजारी आपल्या कागदावरचं जास्तीचं भोक बघून नसलेली चूक शोधत सायटचे (नेम जुळवायच्या भागाचे) क्लिक फिरवत बसतो. त्याचा पुढचा अर्धा तास बिघडतो.

छर्रा नळीत अडकला किंवा ट्रिगर दाबूनही शॉट सुटला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करावा. मदत मागायला बंदुकीसकट शेजाऱ्याकडे वळणं हा या रेंजवरचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि नवखेच नाही, जुनेही तो करतात. रेंज ऑफिसर एकच. तो चहाला वर गेला की खाली बघणारं कोणी उरत नाही. यासाठी आम्ही अख्खा एक तारा कापतो. कानात ब्लूटूथ घालून शॉट मारणाऱ्यांनाही तो काही म्हणत नाही. 'स्टॉप' ऐकू न येणारा शेजारी कोणाला हवा आहे?

फ्लॅगबद्दल थोडं. एअर गनचा सेफ्टी फ्लॅग पूर्ण नळीतून आरपार जाऊन पुढं दिसला पाहिजे. इथं अनेकांचे फ्लॅग फक्त छर्रा भरायच्या जागी खोचलेले असतात. त्यानं नळी रिकामी आहे हे शेजाऱ्याला कळत नाही. केशरी नायलॉनची दोरी नळीच्या लांबीपेक्षा वीतभर जास्त कापली की काम होतं.

उन्हाळ्यात, म्हणजे नागपूर ४५ अंशांवर जातं तेव्हा, वाळ्याचे दोन कूलर लावतात. वास छान येतो. पण एका कूलरचा झोत लेन २ च्या टार्गेटवर जातो, कागद हलतो आणि ओलसर झाला की भोकाची कड फाटते. मग ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्यानं जास्त गुणांच्या वर्तुळाची रेघ शिवली की नाही यावर वाद. दुसऱ्या कूलरचा झोत मागून येतो, तो ठीक. कूलरची दिशा फिरवण्याआधी शेजारच्या लेनना विचारावं. घाम पुसणाऱ्याला झोत हवा असतो, पण शेजारच्याचे डोळे त्यानंच कोरडे पडतात.

आणि पोहे. रविवारी सकाळी तर्रीपोह्यांच्या पुड्या थेट फळीवर उघडतात. छर्रे शिशाचे असतात, बोटांना आणि फळीला त्यांची भुकटी लागते. खाणं वर, जिन्यापलीकडं, साबणानं हात धुऊन. बेसिन आहे, साबण मात्र आपला न्यावा लागतो. निघताना फळीवर सांडलेले छर्रे वेचून ठेवलेल्या डब्यात टाकावे. पुढच्या माणसाचं कोपर त्यावरच टेकणार असतं.

आमच्याकडून पाचापैकी तीन तारे. रायफल असेल तर लेन ६ मागा, पिस्तूल असेल तर ३. लेन २ उन्हाळ्यात नको, ७ आणि ८ टाकी हलेपर्यंत नको. आठवड्यातल्या सकाळी गर्दी कमी असते. जाताना जाड फडकं, स्वतःचा फ्लॅग आणि साबणाची वडी बरोबर ठेवा.