हॉपी सेझाँ, २४ बाटल्यांचं खोकं, सहा महिने: दीड बाटली मोरीत

कपाटात ठेवलेल्या बिअरच्या बाटल्या चौदाव्या आठवड्यापासून उतू जायला लागल्या. फेस जास्त येणं वेगळं आणि उतू जाणं वेगळं. इथे झाकण सुटताच दुधासारखा लोट वर यायचा आणि ग्लास जवळ नेईपर्यंत ओटा ओला व्हायचा. अशा सात बाटल्या गेल्या. तिसरीपासून बाटली पातेल्यात उभी करून उघडली आणि सांडलेलं मोजलं, दर खेपेला ६० ते ८० मिली. पहिल्या दोन धरून सातांचं मिळून ४८० मिलीच्या आसपास, म्हणजे ३३० मिलीच्या हिशोबाने जवळजवळ दीड बाटली. बिअर चांगली आहे की वाईट हा प्रश्न नंतरचा. दीड बाटली फडक्याने पुसून काढायला लागल्यावर माणूस आधी कारण शोधतो.

सेझाँ म्हणजे बेल्जियमची कोरडी फार्महाऊस बिअर, हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, आणि ड्राय हॉपिंग म्हणजे ती न उकळता थेट बिअरमध्ये घालणं. याहून जास्त इथे सांगत बसत नाही. लेबलवरचं एवढंच पुरे: ६.२ टक्के, बाटलीतच पुन्हा आंबवलेली, फार्महाऊस यीस्ट, हॉप्स साझ आणि नेल्सन सोव्हिन, साधी तपकिरी काच, साधं पत्र्याचं झाकण. बारा बाटल्या चार अंशाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, बारा २२ ते २४ अंशाच्या अंधाऱ्या कपाटात, आणि सगळ्या उभ्या.

आधी चव. सहाव्या आठवड्यात (आठवडे सगळीकडे बाटली भरल्यापासूनचे) उघडलेली पहिली बाटली अप्रतिम होती, यात वाद नाही. नाकाला हिरवी द्राक्षं, लिंबाची साल आणि जरासा घामट वास. हा घामट वास दोष नव्हे, नेल्सनच्या गंधकयुक्त थायॉलची ती सही आहे, आणि तो अगदी नसेल तर हॉप जुना समजावा. मागून साझचं वाळलेलं गवत आणि मिरे. मिऱ्याचं श्रेय यीस्टलाही जातं. लवंग मात्र बेताची, आणि ब्रुअरने इथेच डोकं वापरलंय. या जातीच्या मिश्र बिअर बहुतेक वेळा लवंगेवर आपटतात. यीस्टने भरपूर फिनॉल (लवंगेचा वास देणारं संयुग) सोडलं आणि वरून आंबा-पपईच्या वासाचा हॉप घातला की दोन्ही मिळून खोकल्याच्या औषधाचा वास येतो. नेल्सनची द्राक्षं फिनॉलशी भांडत नाहीत. सिट्रा हा हॉप याच प्रमाणात घातला असता तर बहुधा भांडला असता.

कडवटपणाबद्दल एक सूचना. लेबलवर ३५ आयबीयू (कडूपणाचं माप) लिहिलंय म्हणून मवाळ समजू नका. शेवटची ग्रॅव्हिटी (आंबून झाल्यावरची घनता, जितकी कमी तितकी साखर कमी) १.००५ असलेल्या बिअरमध्ये कडूपणा झाकायला गोडवा शिल्लकच नसतो. हाच आकडा १.०१४ ला थांबलेल्या आयपीए या हॉप्सवाल्या बिअरमध्ये निम्मा वाटेल. ही बिअर सात अंशाला ओतून दहा-बारा अंशापर्यंत चढू द्यावी. पाच अंशाला नुसता कडू सोडा लागतो.

आता उतू जाण्याकडे. पहिला संशय जंतुसंसर्गाचा होता, आणि चौदाव्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर तेच ठामपणे सांगितलं असतं. ते चुकलं. संसर्ग असता तर आंबटपणा, जळक्या प्लास्टिकचा वास, बाटलीच्या गळ्याशी पांढरी कडी, यांपैकी काहीतरी बहुधा दिसलं असतं. इथे चव स्वच्छ होती, फक्त आधीपेक्षा कोरडी. मग हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती नळी, काढला. नेहमीचा नव्हे, ०.९९० ते १.०२० एवढ्याच पट्ट्याचा बारीक खुणांचा, कारण साध्यावर ग्रॅव्हिटीच्या दोन-दोन अंशांच्या (एक अंश म्हणजे ०.००१) खुणा असतात आणि इथे एकेका अंशाचा प्रश्न होता. बिअर दोन ग्लासांत वीस-पंचवीस वेळा वरखाली ओतून गॅस पूर्ण घालवायचा, वीस अंशावर आणायची आणि मगच वाचायची. बुडबुडे चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या भानगडीत पडू नका, अल्कोहोल असलं की तो सरळ वाचता येत नाही.

सहाव्या आठवड्यात १.००५. कपाटातली बाविसाव्या आठवड्याला १.००३. फ्रिजमधली तिसाव्या आठवड्यालाही १.००५, जागची हललेली नाही.

दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण बंद बाटलीत एक अंश उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड वाढतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). म्हणजे सेझाँला शोभेल अशा तीन व्हॉल्यूमवरून सुरुवात झालेली बाटली चारवर पोचली. साधी ३३० मिलीची काच तीन-साडेतीनपर्यंतच भरवशाची. सेझाँ जाड काचेच्या, बूच आणि तारेच्या बाटलीत भरतात ती नुसत्या दिखाव्यासाठी नव्हे. इथे काच वाचवलेली दिसते आणि मोरी आमची भरली. (अल्कोहोल मात्र पाव टक्का वाढलं, ते फुकट. तेवढी एक जमेची बाजू.)

बाटलीत बसून साखर कोण खात होतं? दोन गुन्हेगार आहेत आणि ते एकमेकांना सामील आहेत. बरीच सेझाँ यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारची असतात. सॅकरोमायसिस डायस्टॅटिकस या नावाने त्यांचं वर्णन १९५२ साली झालं. ही यीस्ट ग्लुकोअमायलेज नावाचं विकर बाहेर सोडते आणि साधी यीस्ट ज्या डेक्स्ट्रिनला (स्टार्चचे लांब साखळीचे तुकडे) हात लावत नाही ते तोडून खाते. भराभर नाही, महिनोन् महिने, रेंगाळत. दुसरा गुन्हेगार हॉप्स. कच्च्या हॉप्समध्ये स्वतःची स्टार्च तोडणारी विकरं असतात. उकळीत ती मरतात, पण ड्राय हॉपिंग थंड बिअरमध्ये होतं, तिथे ती जिवंतच उतरतात आणि डेक्स्ट्रिनची साखर करून यीस्टच्या तोंडाशी ठेवतात. हल्ली याला हॉप क्रीप म्हणतात आणि नवीन शोध लागल्यासारखं बोलतात, पण ब्राउन आणि मॉरिस या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी हे १८९३ मध्येच लिहून ठेवलंय. नुसती सेझाँ असती किंवा नुसती आयपीए असती तर एकाच बाजूने ओढ लागली असती. इथे दोन्हीकडून.

वर हॉप्सचा भुगा. बाटलीच्या तळाशी यीस्टबरोबर हिरवट कण दिसतात, उजेडासमोर धरून हळूच कलवलं की धुरासारखे उठतात. प्रत्येक कणावर गॅसचा बुडबुडा धरतो. चार व्हॉल्यूमची पण स्वच्छ बिअर जोरात फसफसेल, तरी ग्लासात जाईल. चार व्हॉल्यूम आणि वर भुगा असला की उतू जाणारच.

उपाय आहे आणि तो शेवटच्या दोन कपाटी बाटल्यांवर चालला. बाटली ४८ तास चार अंशाला उभी ठेवायची. तासाभराच्या थंडाव्याने बाहेरची काच गार होते, पण मोकळ्या जागेतला गॅस बिअरमध्ये परत विरघळायला आणि गाळ घट्ट बसायला दोन दिवस लागतात. चार अंशाच्या तुलनेत वीस अंशाला बाटलीतला दाब दुपटीच्या आसपास असतो, त्यामुळे या पायरीत कंजुषी नको. फ्रिजच्या दारात ठेवू नका, दर उघडझापीला गाळ हलतो. मग बाटली न आपटता, न कलवता ओट्यावर आणायची, ओपनर झाकणाच्या एकाच कडेला लावून ‘स्स’ ऐकू येईल इतकंच उचलायचं आणि सोडायचं. फेस गळ्यापर्यंत चढून थांबतो. तो खाली बसला की पुन्हा. चार-पाच खेपा, मिळून दीड-दोन मिनिटं. हात शिवशिवतात, पण थांबायचं. ग्लास पाचशे मिलीचा, थंड पाण्याने विसळलेला, ओलाच. कोरड्या ग्लासावर फेस भडकतो. बाटली एकदाच कलवून एका धारेत ओतायची आणि तळाचे वीस मिली बाटलीतच सोडायचे. सरळ केली की गाळ उठलाच. या पद्धतीने सांडलं ते एका बाटलीत दहा मिली आणि दुसरीत काहीच नाही.

म्हणजे भांडण मिटलं? नाही, कारण खरी चीड तारखेची आहे.

लेबलवर काय लिहिलंय, तर ‘२०२६ अखेरपर्यंत उत्तम’. बस्स. बाटलीत कधी भरली ते नाही. यात बेकायदेशीर काही नाही. युरोपीय नियमाप्रमाणे दीड वर्षापेक्षा जास्त टिकणाऱ्या मालावर नुसतं वर्ष छापलं तरी चालतं, आणि सेझाँ म्हणून पाहिली तर ही बिअर तेवढी टिकेलही. पण नावात हॉप्स मिरवायचे आणि मुदत सेझाँची लावायची, हे दोन्ही कसं चालेल? नेल्सनचा वास २०२६ च्या अखेरीची वाट बघत बसत नाही. कपाटातल्या बाटलीत तो दहाव्या आठवड्यात अर्धा उरला होता आणि सोळाव्यात चहाच्या चोथ्यासारखा झाला. हॉपचं सगळ्यात उडतं तेल मिरसीन, ते आधी जातं, आणि त्यातलं काही तर झाकणाच्या आतल्या प्लास्टिकच्या चकतीत मुरतं. रिकाम्या बाटलीचं झाकण हुंगून बघा, कधीकधी बिअरपेक्षा त्यालाच जास्त वास असतो.

याबद्दल ब्रुअरीला तीनदा लिहिलं. उत्तर एकदाच आलं: फेस ही जिवंत बिअरची खूण आहे. तारखेबद्दल अवाक्षर नाही.

इथे अर्धी माघार घ्यावी लागते. तारीख बाटलीवर होती, पण लपवलेली. गळ्यावर लेझरने कोरलेला फिक्का कोड ‘एल २४१०७’. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे. २०२४ चा १०७ वा दिवस म्हणजे १६ एप्रिल, लीप वर्ष असल्यामुळे १७ नव्हे. ‘हा कोड असा वाचतात का’ असं पुन्हा विचारलं तेव्हा मात्र ‘हो’ असं एका ओळीचं उत्तर लगेच आलं. म्हणजे माहिती आहे, छापायला शाईही आहे, फक्त गिऱ्हाइकाने दिवस मोजत बसावं अशी अपेक्षा आहे. सगळ्याच ब्रुअरी कोड असा लिहीत नाहीत, तेव्हा दुसऱ्या बाटलीवर हा हिशोब डोळे झाकून लावू नका.

ऑर्व्हाल बघा. बेल्जियममधल्या मठातली बिअर, ड्राय हॉप केलेली, बाटलीत ब्रेटानोमायसिस ही रानटी यीस्ट घातलेली. म्हणजे हाच पेच: हॉप्स उतरतात, यीस्ट चढते. तिच्या लेबलवर भरल्याची तारीखही असते आणि मुदतही. त्यामुळे पिणारे ‘ताजी’ आणि ‘सहा महिन्यांपुढची’ अशा दोन वेगळ्या बिअर समजून घेतात आणि कोणी फसत नाही. शिवाय बाटली जाड काचेची. हे जमवायला मठातच राहावं लागतं असं नाही.

आता ज्याची अपेक्षा नव्हती ते. सोळा ते वीस आठवड्यांच्या कपाटी बाटल्या या खोक्यातल्या सगळ्यात वाईट होत्या: हॉप्स मेलेले, यीस्टने अजून काही रचलेलं नाही, मधेच कुठेतरी अडकलेली पातळ, कडवट बिअर. त्या टप्प्यावर ‘घेऊ नका’ असंच लिहून झालं होतं. पण २८ आणि ३२ आठवड्यांच्या त्या शेवटच्या दोन बाटल्या वेगळ्याच निघाल्या. कडूपणा मऊ झालेला, मिरे पुढे आलेले, वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा वास, आणि शेवट इतका कोरडा की पुढचा घोट आपोआप घेतला जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास शोधूनही सापडला नाही. बाटलीतली जिवंत यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन खाते, त्याचा हा फायदा. बेल्जियममधल्या तूर्प गावच्या द्युपों ब्रुअरीची सेझाँ ज्यांना आवडते त्यांना ही ओळखीची वाटेल. हॉपी मात्र म्हणता येणार नाही. फ्रिजमधली तीस आठवड्यांची बाटली शेजारी ओतली तर तिच्यात द्राक्षं अजून होती, पहिल्या दिवसाच्या निम्मी असतील, पण होती. यीस्ट मात्र झोपलेली, त्यामुळे खोली नाही. दोन्ही एकाच दिवशी भरलेल्या आहेत हे सांगून पटणार नाही.

तेव्हा घ्यायची असेल तर अशी घ्या. कोड वाचा, दहा आठवड्यांपेक्षा जुनी असेल आणि फ्रिजबाहेर ठेवलेली असेल तर हॉप्ससाठी घेऊ नका. चोवीसचं खोकं नको, सहा पुरे, आणि त्या महिन्याभरात फ्रिजमधून संपवा. मुरवायच्या असतील तर दोनच, झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, १२ ते १४ अंशाला, डोळ्यांच्या उंचीवर नाही. वीसच्या वर तर नकोच, ही काच त्यासाठी केलेली नाही. आमच्या बारा फुटल्या नाहीत हा काचेचा चांगुलपणा.

फ्रिजमध्ये एक बाटली उरलीय. तिच्या झाकणावर मार्करने १६/४ लिहून ठेवलंय.