मदेरा बेटावरचं ट्रेकिंग पॅकेज: आमची कशी फसवणूक झाली

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पायी भटकायला जायचा बेत असेल आणि कुणी "परमिट, मुक्काम, सामानाची ने-आण, सगळं आम्ही बघतो" असं सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. २०२५ मध्ये अशाच एका पॅकेजने मला आणि माझ्या ताईला गंडवलं.

मदेरात चालायचं ते बहुतेक लेवाडांच्या कडेने. पावसाळी उत्तरेचं पाणी कोरड्या दक्षिणेकडे न्यायला डोंगरात खोदलेले हे पाट, आणि त्यांच्या देखभालीची अरुंद वाट हाच ट्रेक. मुक्काम बदलत जायचं तर बॅगा कुणीतरी पुढच्या गावी पोचवाव्या लागतात. या गरजेवरच ही माणसं टपलेली असतात. व्हॉट्सॅपवरचा तो गृहस्थ आमच्या प्रत्येक शंकेला उत्तर द्यायचा, कोणत्या वाटेवरच्या बोगद्यांत हेडटॉर्च लागेल हेसुद्धा अचूक सांगायचा. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माहिती पक्की असली की माणूसही खरा वाटतो. मग अचानक तगादा सुरू झाला: शेवटच्या दोन जागा आहेत, संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर परमिट दुसऱ्याला जाईल. कार्ड चालणार नाही, बँक ट्रान्सफरच करा. खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'एलटी'ने सुरू होत होता, म्हणजे खातं लिथुआनियातलं. पोर्तुगालचा आयबॅन 'पीटी'ने सुरू होतो. विचारल्यावर "हेड ऑफिस तिकडे आहे" असं उत्तर तयारच होतं.

पैसे गेल्यावर रंगीत परमिटं आली. माणशी, प्रत्येक वाटेचे पंचवीस युरो. सरकारी शुल्क तेव्हा ३ युरो होतं! त्यातलं एक परमिट पीआर १ चं होतं (तिथल्या अधिकृत वाटांना 'पीआर' क्रमांक असतात), पिको दो आरिएरोहून १८६२ मीटर उंचीच्या पिको रुइवोला जाणाऱ्या वाटेचं. ऑगस्ट २०२४ च्या वणव्यानंतर ही पूर्ण वाट तेव्हा खुलीच नव्हती. बंद वाटेचं तिकीट विकायला त्याला काहीच वाटलं नाही.

रबासालला, पीआर ६ च्या तोंडाशी, तपासणाऱ्याने ताईच्या हातातल्या कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन केला. पुन्हा एकदा केला. मग फोन आमच्याकडे वळवून दाखवला: नोंद नाही. तो माणूस सौजन्याने वागला, पण ताईचा चेहरा पडला तो दिवसभर तसाच होता. संध्याकाळी पोर्तो मोनिझच्या गेस्टहाउसमध्ये मालकीणबाई म्हणाल्या, फोटो आमच्याच घराचे आहेत, बुकिंग मात्र नाही. व्हॉट्सॅपवर एकच टिक.

आता कामाचं सांगते. वाटांचं शुल्क प्रादेशिक सरकारच्या 'सिंप्लिफिका' पोर्टलवर स्वतः भरता येतं; पत्ता 'मदेरा डॉट गव्ह डॉट पीटी'ने संपतो. कुठली वाट बंद आहे ते बेटाच्या वनखात्याच्या, म्हणजे आयएफसीएनच्या यादीत दिसतं. निघायच्या दिवशीही बघा. पॅकेज विकणाऱ्या एजन्सीकडे आरएनएव्हीटी नोंदणी क्रमांक मागा, फक्त गाइडसह ट्रेक नेणारी कंपनी असेल तर आरएनएएटी, आणि घरगुती मुक्कामाला 'एएल' क्रमांक. क्रमांक मिळाला की थांबू नका. पोर्तुगालच्या पर्यटन खात्याच्या नोंदवहीत तो टाकून नाव जुळतं का पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणं अवघड नाही. मुक्कामाच्या जागी थेट फोन करा, आणि तो नंबर एजंटकडून घेऊ नका. पैसे क्रेडिट कार्डानेच भरा, म्हणजे बँकेकडे दाद मागायला जागा राहते.

फुंशालला पोलिसांत तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. ती वेबसाइट बंद झाली आहे, पण तेच फोटो आणि तेच वाक्य, "शेवटच्या दोन जागा", आता दुसऱ्या नावाने अझोरेस बेटांच्या ट्रेकसाठी फिरताना मी पाहिलं आहे.