थर्मोवूड फ्लोअरिंग: दोन पावसाळे टिकलं, रंग नाही टिकला

फोंड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलला थर्मो अ‍ॅशचं (अ‍ॅश हे झाडाचं नाव) फ्लोअरिंग घालून दोन वर्षं झाली. थर्मो म्हणजे लाकूड 200 डिग्रीच्या आसपास तापवून काढतात, स्टेन नाही केमिकल नाही, चॉकलेटी रंग आतपर्यंत असतो. पाणी कमी ओढतं म्हणून घेतलं आणि ते खरंच आहे, जून लागला की आमच्या कपाटांची दारं अडकतात पण या जमिनीची एक फळी फुगली नाही. त्याला पूर्ण मार्क.

पण रंगाचं ऐका. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीखाली जागा हवी म्हणून सोफा सरकवला, गालिचा गुंडाळला, तर खाली गडद चौकोन, पट्टीने आखल्यासारखा! बाजूची सगळी जमीन फिकट, पश्चिमेच्या बाल्कनीकडे तर राखाडीच. सासूबाईंना वाटलं तेल सांडलंय, त्या फडकं घेऊन पुसायला बसल्या.

दुकानदाराला फोन केला तर म्हणे उन्हाने रंग गेला तर वॉरंटीत बसत नाही. अहो मग घेताना सांगायचं ना, एवढे पैसे मोजतो आम्ही! लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन प्रकाशाने तुटतं आणि साध्या काचेतून उन्हातला यूव्ही-ए (अतिनील किरणांचा एक प्रकार) बराचसा आत येतोच, म्हणजे दार लावून उपयोग नाही. पाइन पिवळं पडतं, अक्रोड फिकट होतं, हे थर्मोवालंही फिकटच होतं.

मग काचेला यूव्ही फिल्म लावली आणि उरलेल्या फळीचा तुकडा अर्धा फॉइलमध्ये गुंडाळून तिथेच ठेवला. महिन्याने फॉइल काढली तर रेघ होतीच, पुसट पण होती, कारण साधा उजेडसुद्धा रंग खातो. म्हणून आता दुपारी तीननंतर जाड पडदा ओढते. आजोळच्या घरी काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्यांतून दुधाळ उजेड यायचा त्याची फार आठवण येते.

घेणार असाल तर आधी सॅम्पल आणून असंच अर्धं झाकून महिनाभर खिडकीत ठेवा, उघडी बाजू आवडली तरच घ्या. आणि पहिले सहा महिने तरी गालिचा घालू नका, रंग सुरुवातीलाच भराभर बदलतो, तो सगळीकडे सारखा बदलू दे.

5 पैकी 3 देते. गालिचा अजून माळ्यावरच आहे, दिवाळीपर्यंत चौकोनाच्या कडा बऱ्याच विरल्या होत्या, सोफ्याच्या पायांचे चार ठिपके मात्र अजून दिसतात.