सर्टिफिकेट फुकटचे, बिल दर तीन महिन्यांनी

गणेशचतुर्थीची चवथ आटोपली की उत्तर गोव्यातल्या मांद्रे, मोरजी, हरमलच्या पट्ट्यात होमस्टेवाले खोल्यांना रंग देतात, गाद्या उन्हात टाकतात आणि त्याच धांदलीत वेबसाइटवाल्यालाही फोन करतात. फसवणूक इथे सुरू होते. बिलावर रकमा वेगवेगळ्या असतात, ओळ मात्र तीच: 'एसएसएल सर्टिफिकेट फी, ३ महिने'. हे सर्टिफिकेट म्हणजे साइट त्याच पत्त्याची असल्याचा डिजिटल दाखला, त्याच्या जोरावर पाहुणा आणि साइट यांच्यातला मजकूर गुप्त राहतो. वर तोंडी पुस्ती: "पात्रांव, हे नसलं तर गूगल साइट उघडू देत नाही. फी अमेरिकेला भरावी लागते."

अमेरिकेला कोणी काही भरत नाही. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचे असते. आयएसआरजी या ना-नफा संस्थेची ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि तेव्हापासून सर्टिफिकेटला एक रुपया लागत नाही. मुदत ९० दिवसांची ठेवली, कारण ते दर वेळी माणसाने नव्हे, सर्व्हरने आपणहून बदलून घ्यावे अशीच रचना आहे.

बसवण्याची मजुरी मागितली तर त्यात गैर काही नाही. पावसाचे पाणी फुकट असले तरी पागोळीला पाइप जोडणारा पैसे घेतोच. लबाडी दोन ठिकाणी असते: मजुरीला 'फी' म्हणणे, आणि जे आपोआप चालायला हवे ते मुद्दाम हाताने करून ठेवणे. दुसरी जास्त महागात पडते.

कॅलेंडर काढून बघा. २५ सप्टेंबरला काढलेले ९० दिवसांचे सर्टिफिकेट २४ डिसेंबरला संपते. नाताळच्या आदल्या दिवशी पाहुण्याच्या मोबाइलवर 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असे इशाऱ्याचे पान उघडते, तो मागे फिरतो आणि शेजारच्याकडे खोली घेतो. मग घाबरून फोन, आणि 'अर्जंट' दर. साइटला बिघाड झालेला नसतो. घड्याळ पहिल्या दिवशीच लावून ठेवलेले असते.

हे पकडणे सोपे आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा, कनेक्शन सुरक्षित असल्याच्या ओळीतून सर्टिफिकेट उघडा. जारी करणाऱ्याच्या रकान्यात लेट्स एन्क्रिप्ट दिसले की 'फी'चा विषय संपला. साइट स्वतःच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या स्वतंत्र सर्व्हरवर) असेल आणि सर्टबॉट हा सर्टिफिकेट काढणारा प्रोग्राम वापरला असेल, तर ईटीसी फोल्डरातल्या लेट्सएन्क्रिप्टखाली रिन्यूअल नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या तुमच्या साइटच्या फाइलमध्ये 'ऑथेंटिकेटर'पुढे 'मॅन्युअल' लिहिलेले असेल आणि सोबत ते काम आपोआप करणारी कोणतीही हूक स्क्रिप्ट नसेल, तर ते आपोआप बदलणार नाही. त्या माणसाने बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदवहीत, टीएक्सटी नोंद हाताने चिकटवून काम उरकलेले असते. पुढच्या खेपेला नोंद नवी लागते, म्हणजे तोही लागतो.

उपाय तासाभराचा आहे. होस्टिंग (साइटची भाड्याची जागा) सीपॅनेल या नियंत्रण पटलावर चालत असेल तर त्यात सिक्युरिटीखाली 'एसएसएल/टीएलएस स्टेटस' उघडा, डोमेन (साइटचे नाव) आणि त्याचे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू रूप दोन्ही निवडा, 'रन ऑटोएसएसएल' दाबा. बस्स. हे बटणच दिसत नसेल तर होस्टिंगवाल्याने ते बंद ठेवले आहे. का, ते लेखी विचारा. व्हीपीएसवर सर्टबॉट एनजिनएक्स किंवा अपाचे, जो वेब सर्व्हर असेल त्याच्या प्लगइनने चालवा, मग 'सर्टबॉट रिन्यू' ही आज्ञा 'ड्राय-रन' जोडून द्या. ही रंगीत तालीम असते, खरे सर्टिफिकेट बदलत नाही. ती पार पडली आणि ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या, म्हणजे टायमरच्या, यादीत सर्टबॉट दिसला, की झाले.

तालीम अडली तर कारणे बहुधा ठरलेलीच. कोणीतरी 'सुरक्षेसाठी' पोर्ट ८०, म्हणजे सर्व्हरचे साध्या वेबचे दार, बंद केलेले असते, आणि साइट तुमच्याच ताब्यात आहे का हे बघणारी नेहमीची एचटीटीपी तपासणी तर त्याच दारातून येते. डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी ए नोंद नव्या सर्व्हरकडे असते, पण आयपीव्ही६ची चार ए असलेली नोंद जुन्याच सर्व्हरकडे राहून जाते. तपासणी आधी तिकडेच जाते. कधी सर्टिफिकेट कोणी द्यावे हे ठरवणाऱ्या सीएए नोंदीत दुसऱ्याच कंपनीचे नाव असते. चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका: एका नावाला तासाला पाच तपासण्या फसल्या की पुढची थांबवली जाते, आणि नेमक्या त्याच नावांची आठवड्याला पाचच सर्टिफिकेटे मिळतात. आणखी एक खोच म्हणजे फाइल नवी येते, पण वेब सर्व्हर रीलोड न झाल्याने जुनेच सर्टिफिकेट दाखवत राहतो.

मग 'प्रीमियम, तीन वर्षांचे' विकणारा येतो. तीन वर्षांचे एकच सर्टिफिकेट आज अस्तित्वातच नाही. सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २०० झाली, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ होणार आहे. तीन वर्षांचे म्हणून विकतात ते वर्गणी असते. आतले सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा बदलावेच लागते. हिरव्या पट्टीत कंपनीचे नाव दाखवण्याची प्रथा क्रोमने २०१९ मध्येच मोडली. महागडे घेतल्याने पाहुण्याचा मजकूर जास्त गुप्त राहतो, असेही नाही.

वेबसाइटवाल्याकडून व्हॉट्सॲपवर झिप फाइल आली आणि तिच्यात प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) असेल, तर ती की फुटली असे समजा. नवी की करून नवे सर्टिफिकेट काढा, जुने रद्द करा. की सर्व्हरवरच तयार व्हायला हवी, तिथून बाहेर पडायचे तिला कारण नाही.

मुदत संपत असल्याचा, पैसे भरण्याच्या लिंकसह ईमेल लेट्स एन्क्रिप्टच्या नावाने आला तर तो सरळ खोटा. लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण देणारे ईमेल ४ जून २०२५ पासून बंदच केले आहेत. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, मग रायबंदरचे सायबर पोलीस ठाणे. पहिल्या फोनला उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. नुसत्या खोट्या 'फी'च्या बिलाला मात्र ग्राहक आयोग बरा. बिल आणि सर्टिफिकेटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्यात ईमेल वेबसाइटवाल्याचा असेल, तर वरचे सगळे करायलाही त्याचीच परवानगी लागेल.

दुरुस्ती खरोखर झाली का, हे कळायला कोणाला विचारावे लागत नाही. सर्टबॉट ९० दिवसांचे सर्टिफिकेट शेवटचे ३० दिवस उरले की बदलतो, म्हणजे २४ डिसेंबरचे २४ नोव्हेंबरच्या सुमारास. १ डिसेंबरला ब्राउझरमध्ये मुदत फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली दिसली पाहिजे. अजून २४ डिसेंबरच दिसत असेल, तर हातात तेवीस दिवस आहेत.