जुन्या स्टुडिओ लाइटच्या नावाखाली लुबाडलेले १७,३४८ रुपये

"सैन्यात आहे, बदली झाली आहे, म्हणून सामान स्वस्तात काढतो आहे" ही थाप नवी नाही. मीही ती अनेकदा वाचली होती. तरीही साठ वॅटचा वापरलेला एलईडी स्टुडिओ लाइट, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि स्टँड यांच्यापायी माझे १७,३४८ रुपये गेले.

घरातल्या उजेडात १८-५५ मिमीच्या, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सने फोटो काढणाऱ्याची अडचण छंदिष्टांना ठाऊक आहे. ५५ मिमीवर लेन्सचे छिद्र एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही म्हणून उजेड कमी पडतो, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००वर नेला की दाणे दिसू लागतात आणि शटरचा वेग वाढवावा तर स्वस्त एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे उमटतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतो. चांगला लाइट ही माझी चैन नव्हती, गरज होती. तो संच ९,५०० रुपयांत मिळतो म्हटल्यावर कोणीही फोन केला असता.

समोरच्याने नगरच्या छावणीत नेमणूक असल्याचे सांगितले आणि ओळखपत्राचा फोटो पाठवला. गावेच्या गावे सैन्यात असलेल्या सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला जवानाच्या शब्दावर शंका घेणे जड जाते, आणि त्या आदराचाच हे चोर धंदा करतात. आगाऊ २,५०० रुपये घेतले, मग "लष्करी पार्सल"चे १,८५०, मग माल पोचताच परत मिळणाऱ्या जीएसटीचे ६,४९९ आणि शेवटी "नोंद झाली नाही, पुन्हा पाठवा, दोन्ही रकमा एकदम परत येतील" असे सांगून आणखी ६,४९९. विक्रेता "परत मिळणारी" कोणतीही रक्कम मागू लागला की तिथेच फोन ठेवा.

मात्र मला सर्वांत जास्त जाळते ते त्याने पाठवलेल्या फोटोंमध्येच होते. लाइटच्या वायरीला दोन चपट्या पिना होत्या. आपल्याकडच्या प्लगच्या पिना गोल असतात. पहिल्या फोटोत डाव्या खिडकीचा मऊ उजेड आणि लाकडी जमीन, दुसऱ्यात डोक्यावरचा पिवळा दिवा आणि पांढरी फरशी. एकाच खोलीत काढलेले म्हणून दिलेले हे फोटो निरनिराळ्या ठिकाणचे होते, आणि सावली कुठून पडते हे पाहायला शिकणे हाच तर माझा रोजचा अभ्यास! पिनेबद्दल मी विचारलेही होते. "परदेशी माल आहे, अडॅप्टर देतो" हे त्याचे उत्तर पटण्यासारखे होते, कारण बाहेरून आलेले असे सामान मी स्वतः पाहिले आहे. विक्रेत्याकडून आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पाठवलेल्या फोटोतून कॅमेऱ्याची मूळ माहिती गळून जाते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

यानंतरचा संताप अधिकाऱ्यांवर आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला, त्यापुढे काही नाही. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, म्हणून अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७चे परिपत्रक तुम्हाला लागू नाही. पण ज्या खात्यात माझे पैसे गेले ते कोणाच्या कागदपत्रांवर उघडले गेले, या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. पोलीस ठाण्यात "हद्द नगरची आहे" असे ऐकवले गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यावी लागते, हे मी नम्रपणे सांगितले, तेव्हा साध्या कागदावर अर्ज घेऊन मला परत पाठवण्यात आले. रक्कम लहान आहे, असेही वर ऐकवले. माझ्यासारख्याने ती महिनोन् महिने बाजूला टाकलेली असते, याचे त्यांना काय? अर्ज दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला संदर्भ) क्रमांक त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण समोरचा माणूस सगळे संदेश पुसून टाकतो.

बँकेला मी लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे.